तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

पुण्यात ‘सोलर’ हा पाण्याचा एक प्रकार आहे. गार पाणी, गरम पाणी, पिण्याचं पाणी, तसं सोलर. “सोलर आलं का?”, “आधी दोन बादल्या गार जाऊ दे, मग सोलर येईल”, “वरच्या मजल्यावरच्यांनी सोलर संपवलं” अशी वाक्यं सोसायटीत रोज सकाळी साडेसहापासून ऐकू येतात. सूर्याचं नाव त्यात कुणी घेत नाही. गच्चीवर टाकी असते, टाकीखाली काचेच्या नळ्या असतात आणि नळ सोडला की हात पोळतो, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान असतं. महापालिका मिळकतकरात सवलत देते म्हणून घरातला कर्ता पुरुष वर्षातून एकदा त्या टाकीकडं कौतुकानं बघतो आणि पुन्हा खाली येतो.

असल्या सोलरवर वाढलेला मुलगा पुढं कॅलिफोर्नियात जातो, वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसतो आणि एक दिवस सॅन होजेच्या आसपास घर घेतो. घरामागं पोहण्याचा तलाव निघतो. तलाव त्यानं मागितलेला नसतो. जुना वाडा घेतला की त्यात भाडेकरू आपोआप येतो, तसा हा तलाव घराबरोबर येतो आणि भाडेकरूसारखाच तो काढताही येत नाही. घर दाखवणाऱ्या बाई छपराकडं बोट करून सांगतात, “तलावाला सोलर आहे.” छपरावर काळ्या प्लास्टिकचे आठ रुंद पट्टे वाळत घातलेल्या ताडपत्रीसारखे पसरलेले असतात. “सोलर ना, माहितीये,” असं मनाशी म्हणून यजमान सही करतो. त्याच्या डोळ्यांपुढं गच्ची, टाकी आणि हात पोळवणारा नळ असतो.

हा यजमान म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. तलाव पदरी पडलेल्या बऱ्याच मराठी घरांत तो थोडाथोडा सापडतो.

एप्रिलमधल्या पहिल्या उन्हाळी शनिवारी तो पंप सुरू करतो, चड्डी सावरून तलावाच्या कडेला बसतो आणि जिथून पाणी तलावात परत येतं त्या भोकापाशी हात धरतो. पाणी गार. दहा मिनिटांनी पुन्हा धरतो. तसंच गार. मग शिडी लावून छपरावर चढतो आणि पट्ट्यांवर तळहात टेकवतो. डोक्यावर रणरणतं ऊन असताना तेही गारच. “यंत्र मेलंय,” असा निष्कर्ष काढून तो खाली उतरतो.

यंत्र त्या क्षणी ठणठणीत असतं. तलावाच्या सोलरचं हेच पहिलं विपरीत लक्षण: पट्टे गार लागले तर काम चालू आहे, चटका बसला तर बंद आहे. चालू यंत्रात पाणी भराभर फिरतं आणि पट्ट्यांतली उष्णता घेऊन जातं, म्हणून प्लास्टिक तापायला वेळच मिळत नाही. पाणी अडकलं की पट्टे तापतात आणि ती उष्णता फुकट आभाळात जाते. तापाच्या पेशंटला हात लावून बघणाऱ्या माणसाला हे पटायला जड जातं.

पाणी हाताला गार का लागतं, याचा हिशेब आणखी बोलका आहे. तलाव सोळा फूट बाय बत्तीस फूट, सरासरी खोली पाच फूट. म्हणजे सुमारे ७२,००० लिटर पाणी, पुणेरी मापात पंधरा लिटरच्या ४,८०० बादल्या. एवढं पाणी एका अंश सेल्सिअसनं तापवायला जवळजवळ ८४ युनिट ऊर्जा लागते. छपरावरचे पट्टे चार फूट बाय दहा फुटांचे आठ, म्हणजे ३२० चौरस फूट. तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळापर्यंत पट्टे असावेत, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा आहे, त्यात हे बसतं. चांगल्या उन्हात हे पट्टे साधारण सोळा-सतरा किलोवॉट उष्णता देतात. म्हणजे पाच तास कडक ऊन मिळालं तर तलाव एका अंशानं तापतो. पट्ट्यांतून मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी जातं आणि एका फेरीत साधारण दोन अंश कमावून येतं. दोन अंश तळहाताला कळत नाहीत. ते थर्मामीटरला कळतात, तेही चष्मा लावून बघितलं तर.

पुण्याच्या गच्चीवर शंभर-दोनशे लिटर पाणी कढत करायचं असतं, इथं ७२,००० लिटर कोमट करायचंय. आणि कोमट करायचंय म्हणूनच पट्ट्यांवर काच नाही. पाणी भोवतालच्या हवेपेक्षा फारसं गरम नसतं, त्यामुळं पट्ट्यांतून उष्णता फारशी गळत नाही. काच बसवली तर ती थोडं ऊन परतवते आणि खर्च मात्र वाढवते. म्हणून काळी, उघडीबोडकी, स्वस्त प्लास्टिकची नळी इथं काचेच्या पेटीला हरवते.

एवढी मिळवलेली पुंजी रात्री कुठं जाते, तेही यजमानाला दुसऱ्या आठवड्यात कळतं. तलावातून एक मिलिमीटर पाण्याची वाफ झाली की उरलेलं पाणी जवळजवळ ०.४ अंशानं थंड होतं. कोरड्या, वाऱ्याच्या रात्री तीन मिलिमीटर उडालं तर दिवसाची सगळी कमाई गेली. तलावावर आच्छादन घालावं असं तज्ज्ञ सांगतात. आच्छादनाची गुंडाळी गॅरेजमध्ये घराच्या आधीच्या मालकानं ठेवलेल्या जागीच असते. ती ओढायला दोन माणसं लागतात आणि त्यातलं दुसरं माणूस नेहमी मीटिंगमध्ये असतं.

आता यंत्राकडं वळू. सूर्य सोडला तर या यंत्रात बिघडण्यासारख्या मोजून पाच गोष्टी आहेत. तलावाचा पंप पाणी ओढून गाळणीतून ढकलतो. गाळणीनंतर एक एनआरव्ही, म्हणजे पाण्याला मागं फिरू न देणारा व्हॉल्व्ह. त्यानंतर तीन तोंडांचा व्हॉल्व्ह: एका तोंडातून पाणी आत येतं आणि उरलेल्या दोहोंपैकी एकातून छपराकडं किंवा थेट तलावाकडं जातं. या व्हॉल्व्हच्या डोक्यावर चोवीस व्होल्टवर चालणारी एक छोटी मोटर बसते आणि अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह अर्धं वर्तुळ फिरवते. मोटरला हुकूम देणारा कंट्रोलर भिंतीवर असतो. त्याचा एक सेन्सर छपरावर आणि एक पाण्याच्या नळीत. छप्पर पाण्यापेक्षा पुरेसं गरम झालं की पाणी वर पाठवायचं, नाहीतर खालच्या खाली फिरवायचं. आणि पाचवी वस्तू छपरावरच्या नळीच्या उंच टोकाशी, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी: हवा आत घेणारा व्हॉल्व्ह. सगळी गोष्ट पुढं याच झाकणाभोवती फिरणार आहे, पण यजमानानं त्याच्याकडं अजून बघितलेलंही नाही.

मे महिन्यात यजमानाला तलावात बुडबुडे दिसले. पाणी परत येणाऱ्या भोकातून ते सतत, सोड्याची बाटली फोडल्यासारखे येत होते. त्यानं शनिवारी जेवायला आलेल्या मित्रांना ते दाखवले. परदेशातल्या मराठी मंडळींत बिघडलेली वस्तू पाहुण्यांना दाखवणं हा आदरातिथ्याचाच भाग असतो. पाचही जण इंजिनिअर होते आणि त्यांतल्या एकाचाही पाण्याशी संबंध नव्हता.

सॉफ्टवेअरवाल्यानं विचारलं, “बंद करून चालू केलंस का?” चिप बनवणाऱ्यानं मल्टिमीटर मागवला आणि सेन्सर तपासला. पंचवीस अंशाला दहा हजार ओहम दाखवणारा आणि तापला की कमी दाखवणारा हा सेन्सर अगदी निर्दोष निघाला, त्यामुळं त्याचा उत्साह मावळला. तिसऱ्याचं सामान्यज्ञान पक्कं होतं. त्यानं सांगितलं की १९७९मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ पॅनेल बसवली, १९८६मध्ये रेगन यांच्या काळात छपराच्या दुरुस्तीच्या वेळी ती उतरवली आणि पुढं धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत आवारातल्या तलावासाठी पुन्हा सोलर आलं. “मग त्यांच्या तलावात बुडबुडे येतात का?” या यजमानीणबाईंच्या प्रश्नावर त्यानं भजी घेतली.

चौथ्यानं हात घातला तो थेट व्हॉल्व्हला. तीन तोंडांच्या या व्हॉल्व्हच्या दांड्यावर ‘ऑफ’ असं कोरलेलं असतं आणि त्या एका शब्दानं कित्येक घरांत भांडणं लावली आहेत. पंखा ‘ऑफ’ म्हणजे पंखा बंद, दिवा ‘ऑफ’ म्हणजे दिवा बंद. इथं ‘ऑफ’चा अर्थ एवढाच की दांडा ज्या तोंडाकडं रोखलाय ते तोंड बंद. उरलेली दोन उघडी. म्हणजे दांडा छपराकडं रोखला तर छप्पर बंद. एकदा समजलं की सोपं आहे, पण समजायच्या आधी माणूस दांडा जिकडं न्यायला हवा त्याच्या उलट नेतो आणि वर समाधानानं हात झटकतो. चौथ्या मित्रानं दांडा फिरवलाच, शिवाय मोटरच्या कडेचं छोटं बटण या बाजूचं त्या बाजूला केलं. हे बटण मोटर कुठल्या दिशेला फिरायची ते ठरवतं.

पुढचे कित्येक दिवस यंत्र रात्री चाललं. कंट्रोलरनं सकाळी “पाणी वर पाठव” म्हटलं की मोटर ते खाली वळवायची आणि सूर्य मावळल्यावर “खाली ठेव” म्हटलं की इमानदारीत वर चढवायची. पंप रात्री दोन तास चालत असल्यानं तलावाचं पाणी चांदण्यात छपरावर फेऱ्या मारून, चांगलं गार होऊन परत येत होतं. ॲरिझोनाच्या फिनिक्सकडं भर उन्हाळ्यात तलाव नको इतका तापतो, तेव्हा तिथले लोक मुद्दाम रात्री पट्ट्यांतून पाणी फिरवून तो थंड करतात. सॅन होजेत रात्री स्वेटर लागतो, तिथं त्याची कुणाला गरज नव्हती. “आपला तलाव उन्हाळ्यात जास्त गार होतोय,” असं मुलीनं सांगितलं, तेव्हा तिला “वारा आहे ना” असं उत्तर मिळालं.

पाचव्या मित्रानं काहीच केलं नाही. त्याचे आभार आजही मानले जातात.

याच सुमारास पुण्याहून यजमानाचे आईबाबा आले. बाबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. अमेरिकेत मुलाकडं आलेल्या निवृत्त माणसाला पहिले दोन आठवडे झोपेचं वेळापत्रक सांभाळावं लागतं आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याला काम लागतं. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन पंपाशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. चार दिवस ते नुसते बघत होते. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “हिवाळ्यात काय झालं होतं याला?”

डिसेंबरात असं झालं होतं की एका पहाटे पारा शून्याखाली गेला आणि सकाळी, आभाळ निरभ्र असताना, पन्हाळीतून पाणी वाहू लागलं. छपराच्या कडेनं जाणारी पांढरी पीव्हीसीची नळी फाटली होती. प्लंबर आला, नळी बदलली, चांगलं घसघशीत बिल दिलं आणि गेला. नळी का फाटली, हे त्याला कुणी विचारलं नाही. थंडी पडली म्हणून फाटली, हे उघडच होतं.

“थंडीनं नळी फाटत नाही,” बाबा म्हणाले, “नळीत पाणी राहिलं म्हणून फाटते. पाणी गोठलं की शंभराला नऊनं फुगतं. पंप बंद झाल्यावर छपरावर पाणी राहायलाच नको. ते उतरत का नाही, ते शोध.”

बाबांना ठाऊक नसेल, पण याच राज्यात, याच चुकीनं एकदा एक अख्खा धंदा अडचणीत आला होता. अमेरिकेत विकायला आलेला पहिला सोलर हीटर बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप यांचा. ‘क्लायमॅक्स’ नावाच्या त्या पेटीचं पेटंट त्यांनी १८९१मध्ये घेतलं. त्यात पाणी पेटीतच तापायचं आणि रात्रीत गार व्हायचं. १९०९मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम बेली यांनी नळ्यांची पेटी वेगळी केली, गुंडाळून उबदार ठेवलेली टाकी तिच्या वर बसवली आणि यंत्राला नाव दिलं ‘डे अँड नाइट’. खाली तापणाऱ्या नळ्या, वर टाकी, गरम पाणी आपोआप वर चढणार: पुण्याच्या गच्चीवरचं सोलर आजही याच घडणीचं आहे. बेली यांचा धंदा जोरात चालला. मग जानेवारी १९१३मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात कधी नव्हे ती थंडी पडली, पारा उणे सात अंशांपर्यंत उतरला आणि छपराछपरांवरच्या तांब्याच्या नळ्या पाणी गोठून फुटल्या. बेली हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी छपरावरच्या नळ्यांत पाण्याऐवजी न गोठणारं अल्कोहोलमिश्रित पाणी भरलं आणि त्याची उष्णता टाकीतल्या वेटोळ्यातून नळाच्या पाण्याला दिली.

तलावाच्या सोलरनं दुसरा, जास्त सोपा मार्ग धरला: काम संपलं की छप्पर रिकामं करायचं. पण ‘रिकामं करायचं’ हे दोन शब्द जितके सोपे, तितकी ती गोष्ट सोपी नाही.

यजमानाला हे समजेना. “बाबा, पाणी वर चढवायला पंप लागतो, हे ठीक. खाली तर ते आपणहून येणार ना? गुरुत्वाकर्षण आहे की.”

बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला म्हणाले, “तेलाचा डबा आहे का गं?” अमेरिकेत तेल प्लास्टिकच्या बाटलीतून येतं, त्यामुळं डबा मिळाला तो आंब्याच्या रसाचा. पुण्याहून येणारा माणूस कुठल्याही शंकेचं निरसन आमरसानं करू शकतो, याचा सुनेला अनुभव होता. तिनं काही न विचारता डबा दिला. बाबांनी खिळ्यानं झाकणाला एक भोक पाडलं आणि डबा उपडा केला. दोन थेंब पडले, मग काही नाही. “गुरुत्वाकर्षण आहे ना?” त्यांनी विचारलं. मग समोरच्या कडेला दुसरं भोक पाडलं. रसाची धार लागली, ओट्यावर, ओट्यावरून खाली.

“आपल्याकडं वाणी तेलाचा डबा फोडताना दोन भोकं का पाडतो? एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. धरणावरून पाणी आणतो त्या पाइपलाइनवर आम्ही प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह ठेवतो आणि प्रत्येक खोलगटात स्कावर व्हॉल्व्ह. वरून हवा, खालून निचरा. तुझ्या छपरावर दुसरं भोक कुठाय ते दाखव.”

हवेच्या दाबाला साधारण १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना याहून खोल विहिरीतून पाणी ओढता येईना, तेव्हा टॉरिचेली यांनी त्यामागचं कारण शोधलं. यजमानाचं छप्पर तलावापासून जेमतेम पाच मीटर उंच. म्हणजे हवा आत शिरली नाही, तर छपरावरचं पाणी स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवल्यासारखं तिथंच लटकून राहू शकतं.

दोघं छपरावर गेले. म्हणजे मुलगा गेला आणि बाबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून सूचना देऊ लागले. उंच टोकाशी ते बरणीच्या झाकणाएवढं भांडं होतं. आत एक छोटी चकती: आतून पाण्याचा दाब असला की ती बंद राहते, दाब गेला की उघडते आणि हवा आत घेते. मुलानं झाकण काढलं. चकतीखाली पाइनच्या काड्या, धूळ आणि एका कोळ्याचा संसार निघाला. त्यात ती अर्धवटच हलत होती. चकती साफ केल्यावर खुळखुळायला लागली. दुसरं भोक मोकळं झालं.

संध्याकाळी पंप बंद केला तेव्हा सगळे कान देऊन उभे राहिले. परत येणाऱ्या नळीत थोडा वेळ गुळगुळ झाली आणि थांबली. पट्टे मात्र अजून भरलेले होते. बाबांनी तीन तोंडांच्या व्हॉल्व्हवर बोट टेकवलं. पट्ट्यांत पाणी खालून शिरतं आणि वरून बाहेर पडतं. पंप थांबला की वरची नळी रिकामी होते, पण पट्ट्यांतलं पाणी आल्या वाटेनंच खाली यायला हवं. ती वाट तीन तोंडांच्या व्हॉल्व्हपाशी बंद होते आणि मागं एनआरव्ही उभा असतोच. मग ते उतरणार कुठून? म्हणून या व्हॉल्व्हच्या आतल्या पडद्याला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. यजमानाला आठवलं: गेल्या वर्षी एका हरहुन्नरी माणसानं हा व्हॉल्व्ह बदलला होता. “आतून फुटलेला होता, थोडं पाणी जात होतं, मी अखंड घातलाय,” असं तो अभिमानानं म्हणाला होता. त्याची टिप वेगळी दिली होती.

धडधाकट व्हॉल्व्ह उघडून त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं, ही कल्पना मुलाला सहन होईना. तीन वेळा त्यानं ड्रिल उचललं आणि तीन वेळा माहितीपत्रक वाचलं. माहितीपत्रकातही भोक पाडा असंच लिहिलं होतं. शेवटी बाबांनीच ड्रिल घेतलं. उघडल्यासारखं मोटरच्या कडेचं बटणही त्यांनी मूळ जागी आणलं. तिथपर्यंत चौथ्या मित्राचं नाव घरात निघालं नव्हतं, ते त्या दिवशी निघालं.

राहिले बुडबुडे. ते आता वेगळ्या तऱ्हेनं येत होते. सकाळी पंप सुरू झाला की पाच मिनिटं भरपूर. बाबांना ते बघून आनंद झाला. रात्री छप्पर रिकामं झालं, नळ्यांत हवा भरली, सकाळी पाण्यानं ती ढकलून तलावात आणली, म्हणजे निचरा झाला. हे बुडबुडे दिसलेच नाहीत तर काळजी करायची. पण त्यानंतरही ते थांबेनात, तेव्हा बाबा पंपाच्या पडद्याकडं गेले.

“हा एवढ्या हळू का फिरतोय?”

यजमानानं मान खाली घातली. पंप वेग बदलता येणारा होता. अमेरिकेत जुलै २०२१पासून तलावांच्या पंपांना कार्यक्षमतेचे जे कडक नियम लागू झाले, त्यानंतर असलेच पंप बहुतेक घरांत येतात. पंपाचा वेग निम्मा केला की वीज निम्मी नाही, आठवा हिस्साच लागते, हे वाचल्यावर यजमानातला सदाशिव पेठेचा माणूस जागा झाला होता आणि त्यानं वेग निम्म्यावर आणला होता. वीज वाचते तो भाग त्यानं वाचला होता. पुढचा वाचायचा राहिला: वेग निम्मा झाला की पाणी उचलण्याची ताकद पावपट होते. पाणी छपरापर्यंत कसंबसं पोचत होतं. वरच्या टोकाशी दाबच उरत नव्हता. उतरणाऱ्या पाण्याच्या ओढीनं ती चकती भरदिवसा उघडत होती आणि नळी तलावाच्या पाण्याबरोबर कॅलिफोर्नियाची हवा पीत होती. वेग थोडा वाढवला आणि गाळणीची टोपली साफ केली, तसे सहा मिनिटांत बुडबुडे थांबले. महिनाभर पाच इंजिनिअर ज्यावर वाद घालत होते, त्याचं मूळ वीजबिलात होतं.

शेवटचं काम ढाळाचं. बाबांनी गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन छपराच्या कडेची पांढरी नळी तपासली. नळीला धरणाऱ्या मधल्या दोन पट्ट्या ढिल्या झाल्यानं ती तीन बोटं झोळ पडल्यासारखी खाली आली होती आणि तिथं पाणी साठून राहत होतं. डिसेंबरात ती फाटली होती तीही नेमकी तिथंच. प्लंबरनं तिच्याच जागी नवी नळी बसवली होती, झोळासकट. मुलानं दोन आधार लावले, नळी उचलली, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात फिरवून उघडता येणारं एक टोपण बसवलं. त्याला तो ‘ड्रेन प्लग’ म्हणतो, बाबा ‘स्कावर’ म्हणतात. टेक्सासमधल्या चुलतभावाला त्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. फेब्रुवारी २०२१च्या त्या हिमवादळात टेक्सासमधल्या लाखो घरांची वीज गेली होती. थंडीत पाणी गोठू नये म्हणून आपोआप सुरू होणारे तलावांचे पंप विजेअभावी थांबले आणि ठिकठिकाणी नळ्या आणि गाळण्या फुटल्या. त्याच्या घरचा पंपही त्यांतलाच. त्या पंपाला असं टोपण होतं, हे त्याला त्या फोनवर कळलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तलाव २७ अंशांवर गेला. आच्छादनाची गुंडाळी बाबा आणि नातीनं मिळून ओढायला सुरुवात केल्यापासून तो रात्रीही फारसा उतरत नव्हता. मुलगी पोहू लागली. यजमान थर्मामीटरचा फोटो काढून शनिवारच्या मित्रांना पाठवू लागला. तिसऱ्या मित्रानं लगेच कळवलं की अंश सेल्सिअस लिहायला विसरलास.

संध्याकाळी पंप बंद झाला. छपरावरून उतरत जाणाऱ्या पाण्याचा आवाज आला, आधी घरघर, मग गुळगुळ, मग नुसता श्वास सोडल्यासारखा. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते, मैफलीत बसल्यासारखे. आई बाहेर आल्या, तलावाच्या कडेला बसल्या आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. झटकन वर घेतले.

“झालं ना रे तुझं सोलर नीट?” त्यांनी विचारलं.

“झालं की, आई. सत्तावीस आहे.”

“मग एक बादली सोलर काढून दे. पाय शेकायचेत.”

यजमानानं बाबांकडं बघितलं. बाबांनी चहाचा कप तोंडाला लावला. कपात चहा नव्हता, तरी ते बराच वेळ पीत राहिले. शेवटी यजमान उठला, आत गेला आणि न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडून बादली त्याच्याखाली सरकवली. पहिलं दोन बादल्या पाणी गारच आलं.